रिकाम्या गाडीचं वळण

कापलेल्या गवताचा वास आला की लोकांना म्हणे गाव आठवतं, बालपण आठवतं, डोळे भरून येतात. मला राग येतो. दिवाळी मागे पडते, पालघरच्या बाजूला माळांवरचं गवत पिवळं होतं, विळे चालू होतात, आणि सकाळच्या गारव्यात तो गोडसर कोरडा वास खिडकीतून आत आला की मी चहाचा कप खाली ठेवते आणि खिडकी लावून घेते. भाची म्हणते, "मावशी, इतका छान वास येतोय, उघड की!" तिला काय सांगू? ऐंशी उलटलेल्या बाईला अजून इतका राग येतो याची लोकांना गंमत वाटते. या वयात माणसाने शांत व्हायचं असतं म्हणे. कोणी ठरवलं हे?

परवा भाची खाली गाडी वळवत होती. चांगली चालवते ती, तिच्या आईपेक्षा आणि नवऱ्यापेक्षाही चांगली. तरी समोरच्या इमारतीतले एक गृहस्थ हातातली भाजीची पिशवी सावरत मधे उभे राहिले आणि हातवारे करायला लागले. "मॅडम, गॅसवरचा पाय काढा, पाय काढा, आरामात!" त्यांना कोणी विचारलं नव्हतं. ती बिचारी हसून 'थँक्यू' म्हणाली. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. पाय काढा! आयुष्यात मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेला सल्ला तो हाच, आणि तो साफ चुकीचा होता.

मी बोईसरला आले ती साठच्या दशकात. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात होतं. रस्त्यावर सिमेंटचे ट्रक, डंपर, धूळ, चहाच्या टपऱ्यांवर हिंदी. पण स्टेशनच्या अलीकडे-पलीकडे जुनं बोईसर तसंच होतं, आणि त्या जुन्या बोईसरावर राज्य होतं गवताचं. मुंबईच्या तबेल्यांतल्या म्हशी आमच्याकडचं गवत खायच्या. हंगाम लागला की बैलगाड्यांच्या रांगाच्या रांगा. गाडी दिसायची नाही, चाकं दिसायची नाहीत, नुसता गवताचा डोंगर डुलत डुलत यायचा. वखारीत ते दाबून गासड्या बांधायचे. दवाखान्याच्या खाटांवर, इंजेक्शनच्या ट्रेमध्ये, माझ्या केसांत, डाळीत, सगळीकडे गवताच्या काड्या.

दवाखाना एका कमिटीचा होता, आणि कमिटी गवताच्या व्यापाऱ्यांची. अध्यक्ष नाना. नाना वाईट माणूस नव्हते, हे मी आजही म्हणते, आणि म्हणूनच मला त्यांचा जास्त राग येतो. मला राहायला खोली दिली, वेळेवर पगार दिला, आणि किनाऱ्यावरच्या गावांत बाळंतपणाला जाता यावं म्हणून गाडीही मिळवली. त्यांच्या मुंबईच्या कोणा नातलगाने नवी घेतली आणि ही जुनी दवाखान्याला दान केली. लहानशी, दोन दारांची, फिकट निळी. वडील पाटबंधारे खात्यात होते, साताऱ्याकडे त्यांच्या जीपवर मी हात बसवलेला. गाडी चालवणारी डॉक्टरीण बघायला पहिले काही दिवस दवाखान्यासमोर माणसं उभी राहायची. आजारी नसलेली.

बोईसरहून नवापूरला जाताना खाजण लागतं. भरतीचं खारं पाणी आत शिरतं, काळा चिखल, मधूनच बगळे. रस्ता बांधावरून जातो आणि एका ठिकाणी एकदम डावीकडे वळतो. दर हंगामात या वळणावर गवताची एखादी तरी गाडी कलंडायची. उंच रचलेली, वळली की झुकायची आणि झोपायची. बैल सोडवायचे, गवत पुन्हा भरायचं. कोणाला त्याचं नवल नव्हतं. भरलेली गाडी कलंडते, रिकामी कलंडत नाही, हे या भागातल्या लहान पोरालाही ठाऊक होतं. त्यांच्या आज्या-पणज्यांनी बघितलेलं सत्य होतं ते. नेमकं तेच सत्य माझ्या गळ्याशी आलं.

पहिल्यांदा झालं तेव्हा मी एकटी होते. नवापूरची एक तपासणी उरकून सकाळच्या उन्हात परत निघाले होते, खिडकी उघडी, वाऱ्याला सुक्या बोंबलाचा वास. वळण आलं. शिकवलं होतं तसा मी गॅसवरचा पाय काढला आणि चाक फिरवलं. आणि गाडीची पाठ उचलली गेली. दुसरा शब्द नाही. कोणीतरी मागून शेपटी धरून उचलावी तशी. पुढच्या क्षणी मागचा भाग बाहेर फेकला गेला, समोरचं खाजण खिडकीतून गोल फिरलं, आणि मी आले त्याच दिशेला तोंड करून गवतात उभी होते. काचेवर काड्या. इंजिन बंद. पलीकडच्या शेतात हळवं भात कापणाऱ्या बाया विळे हातात घेऊन बघत राहिल्या होत्या. एका डंपरवाल्याने थांबून गाडी ढकलली, घाम पुसला आणि म्हणाला, "मैडम, अकेली मत चलाया करो." त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. कोणाच्याच मनात वाईट काही नव्हतं! हेच तर.

दुसऱ्यांदा झालं तेव्हाही एकटीच होते. आता मी त्या वळणाला घाबरत होते, म्हणून जास्त लवकर, जास्त पटकन पाय काढला, आणि गाडी जास्त जोरात फिरली. कपाळाला खोक पडली. माझी मीच टाका घालून घेतला, आरशात बघून. संध्याकाळी नाना आले. खुर्ची ओढून बसले, बराच वेळ टोपी गुडघ्यावर फिरवत राहिले.

"बाई, आमी जन्मभर गाड्या हाकल्या. वळणावर कासरा वडायचा. घाई नाय करायची."

"नाना, मी पाय काढते. त्यानेच काहीतरी होतंय."

"पाय काडून गाडी पालटते? आनि रिकामी?" ते मायेने हसले. त्या हसण्याने माझं जितकं डोकं फिरलं तितकं शिवीने फिरलं नसतं. "रिकामी गाडी कदी पालटती का, बाई?"

मी म्हटलं, बसा तर गाडीत आणि बघा. दुसऱ्या दिवशी नाना आणि कमिटीतले दोघे, चांगले खाऊन-पिऊन अंगाने भरलेले, मागच्या सीटवर दाटीवाटीने बसले. मी चालवत होते. तीच मी, तीच गाडी, तेच वळण. तसाच पाय काढला, तसंच चाक फिरवलं. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी गेली! पुन्हा आणली, पुन्हा नेली. काही नाही. मला वाटलं माझंच डोकं बिघडलंय. मागे तिघं एकमेकांकडे बघत होते. उतरताना नाना म्हणाले, "बघितलंत ना? मागं बाप्यामानूस बसला की तुमचा हात ठरतो. येकटीनं तुमी बावरता."

पुरावा त्यांच्या बाजूचा होता. जगात बाईवर जितके शिक्के मारले गेले त्यातले किती असे पुराव्यानिशी मारले गेले असतील, याचा विचार मी पुढे खूप केला. प्रयोग झाला, डोळ्यांनी दिसलं, निष्कर्ष निघाला. फक्त कोणी वाकून गाडीखाली बघितलं नाही. बघायची गरजच वाटली नाही, कारण उत्तर आधीपासून तयार होतं.

चावी कमिटीच्या कपाटात गेली. कपाट नानांच्या वखारीत. यापुढे वखारीतला ट्रक-ड्रायव्हर दत्तू गाडी चालवणार आणि बाई शेजारी बसणार असं ठरलं. दत्तू तरणा होता, तोंडात सतत काडी, आणि चालवायचा बरा. पण त्याची एक सवय होती. वाटेत दिसेल त्याला बसवायचा. पास्थळचा कोणी, नवापूरचा कोणी, टोपली घेऊन, पोर घेऊन. मागची सीट कधी रिकामी नसायची. आणि भरलेल्या गाडीने ते वळण घेऊन झालं की माझ्याकडे बघायचा. "कशी सरळ जाते बगा बाई." मी खिडकीबाहेर बघायची. हवेत गवताचा वास असायचा.

हिरू नवापूरची. नवरा होडीवर, सासू नाही, पहिलंच बाळंतपण. दिवस भरत आले तेव्हा मी तिला तपासलं होतं. मूल पायाळू होतं. तिथल्या सुइणीला मी बजावून सांगितलं होतं की कळा सुरू झाल्या की लगेच माणूस पाठव, वाट बघू नको. सुइणीने तसंच केलं. सकाळी उन्हं चढायच्या आत मासळीवाली बाई टोपली डोक्यावर घेऊन धावत आली. तिने टोपली खालीही ठेवली नाही, तशीच म्हणाली, "हिरूला लागलंय. चल."

गाडी दारात उभी होती. माझी बॅग हातात होती. चावी वखारीत. वखारीत गेले तर नाना पालघरला गेलेले, कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला. दत्तू? कुठेतरी असेल, बघतो, असं एक जण म्हणाला आणि बघायला गेला तो गेलाच. बैलगाडी मागितली. सगळ्या गाड्या गवतावर! अंगणात गासड्या रचल्या होत्या माणसापेक्षा उंच, आणि मला न्यायला एक बैल मोकळा नव्हता. मी चालायला लागले. ऊन डोक्यावर, साडीचा बोंगा धरलेला, बॅगेने खांदा भरून आलेला, समोरून डुलत येणारे गवताचे डोंगर. अर्ध्याहून जास्त वाट तुडवली तेव्हा मागून हॉर्न वाजला. दत्तू. नाना परत आले होते, चावी मिळाली होती. आणि मागच्या सीटवर तीन माणसं बसली होती. त्यांना बसवायला तो थांबला होता. 

मी पोचले तेव्हा मुलाचं अंग बाहेर आलेलं होतं आणि डोकं अडकून होतं. किती वेळ, ते सुइणीच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मूल सोडवलं. मुलगा होता. मी खूप प्रयत्न केले. पाठ चोळली, तोंडाने श्वास दिला, हातांना काही जाणवेना तरी करत राहिले. हिरू वाचली. वेळेवर गेले असते तर दोघं वाचली असती. हे मी दुःखाच्या भरात म्हणत नाही, डॉक्टर म्हणून म्हणते.

परतताना मागे कोणी नव्हतं. दत्तू आणि मी, दोघंच पुढे. मी रडत होते, खाजणावर भरती चढत होती. वळण आलं. दत्तूने पाय काढला. आणि पाठ उचलली गेली! ती उचल मी झोपेतही ओळखली असती. मागचा भाग बाहेर गेला, गाडी भिंगरीसारखी फिरली, धाडकन बांधाच्या दगडावर आदळली आणि टायर फुटला. दत्तूच्या तोंडातली काडी पडली होती. तो स्टिअरिंगला दोन्ही हातांनी धरून बसला होता. पहिलं वाक्य बोलला ते हे: "बाई, कोनाला सांगू नका."

त्याने जॅक लावला. मी रस्त्यावर उभी राहून बघत होते, बघायचं म्हणून नव्हे, दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून. गाडीची पाठ वर चढली, आणि मागची दोन्ही चाकं खालच्या बाजूने आत वळली. नुकत्याच जन्मलेल्या मुलाला काखेत धरून उचललं की त्याची पावलं आत वळतात, तळवे एकमेकांकडे बघतात. हुबेहूब तशी. तासाभरापूर्वीच मी एक मूल तसं धरलं होतं. मी रस्त्यावर आडवी झाले आणि गाडीखाली सरकले. दत्तू "बाई, बाई" करत राहिला.

जीपच्या मागच्या दोन्ही चाकांमधून एक अखंड दांडा जातो. तो वर-खाली झाला तरी चाकं सरळ उभी राहतात. या गाडीला तसा दांडा नव्हता. मधोमध गोळा, आणि दोन्ही बाजूंना एकेक तोकडा दांडा त्या गोळ्याशी सांध्याने जोडलेला. म्हणजे खुबा मध्यभागी, पाय बाहेर, आणि पायाला ना गुडघा ना घोटा. अशा पायाचं पाऊल जमिनीवर सपाट कसं राहणार? पाठ वर गेली की पावलं आत वळणार, पाठ खाली दबली की ती फाकून घट्ट रोवली जाणार. वळणावर सगळा भार बाहेरच्या चाकावर. रस्ता त्या चाकाला आत ढकलत असतो, आणि तो धक्काच गाडीची पाठ वर उचलायला बघतो. अशा वेळी गॅसवरचा पाय काढा. भार पुढे जातो, रिकामी पाठ हलकी होते, उचलते, ते चाक खाली आत दुमडतं, नुसत्या कडेवर उभं राहतं आणि घसरतं. गाडी फिरणार नाही तर काय होईल! आणि मागे तीन धष्टपुष्ट माणसं बसवा. पाठ उचलतच नाही. चाकं फाकून बसतात आणि गाडी गरीब गायीसारखी वळते. नाना आणि त्यांच्या दोन मित्रांनी त्या दिवशी माझा हात स्थिर केला नव्हता. त्यांच्या वजनाने गाडी स्थिर केली होती. तीन पोती वाळू घातली असती तरी तेच झालं असतं, आणि वाळूने मला उपदेश केला नसता.

चाक बदलून जॅक काढला तरी चाकं तशीच दुमडलेली राहिली, थोडी पुढे ढकलल्यावर मग फाकली. मी दत्तूला मागे बसवलं. फाकली आणखी. उतरवलं. आत आली. त्यालाही दिसलं. मी त्याच्या हातातून चावी घेतली, गाडी नवापूरच्या बाजूला मागे नेली आणि ते वळण पुन्हा घेतलं. सरळ रस्त्यावरच वेग कमी केला, आणि वळणात पाय हलकेच गॅसवर ठेवून दिला, काढला नाही. जे कोणी कधी सांगितलं नव्हतं ते केलं. गाडी गेली. दत्तू "आयला" म्हणाला. मी पुन्हा रडले, आता रागाने.

लोकांना वाटतं राग आंधळा असतो. मला तर त्या दिवशी जितकं स्वच्छ दिसलं तितकं आधी कधी दिसलं नव्हतं. एक दांडा कुठे जोडायचा हे दूरदेशीच्या कोणा माणसाने कागदावर ठरवलं. ते असो. वाईट सांधे घेऊन माणसं जन्माला येतात, गाड्याही येतात. सांध्यावर माझा राग नाही. ज्यांनी सांध्याचा दोष हाताचा ठरवला आणि हातातून चावी काढून घेतली, त्यांच्यावर आहे.

हिरू हिंडू-फिरू लागल्यावर मी तिच्याकडे गेले. अंगणात बसून ती बोंबील निवडत होती. मान वर न करता तिने विचारलं, "तवा का नाय आलीस लवकर?" मी सांगितलं. सगळं सांगितलं, चावीचं, गाड्यांचं, चाकांचं. हाताचे पंजे आत वळवून दाखवले. तिने निवडलेले आणि न निवडलेले बोंबील एकत्र केले आणि पुन्हा निवडायला घेतले. मग म्हणाली, "हे त्यांना सांगितलंस?"

"उद्या कमिटी आहे. सांगणार आहे."

"मी बी येतंय."

ती चालत आली. दवाखान्याच्या ओट्यावर कमिटी बसली होती, टेबलावर चहाचे कप, दौत आणि कपाटातून काढलेली ती चावी, कारण चावीवरच बोलणं होतं. मी बोलले. चाकं कशी दुमडतात ते दाखवायला गाडी जॅकवर चढवून ठेवली होती, या, वाकून बघा म्हटलं. एकही जण उठला नाही. धोतरं मळली असती. मी म्हटलं, दत्तूच्या हातूनही गाडी तशीच फिरली, विचारा त्याला. दत्तूने जमिनीकडे बघितलं आणि म्हणाला, "बाई बाजूला रडत व्हत्या. माजं ध्यान गेलं." कमिटीने माना डोलावल्या. म्हणजे बाई चालवत असली तरी बाईमुळे, आणि बाई नुसती शेजारी बसली असली तरीही बाईमुळेच! मला हसू आलं, खरंच आलं, असलं हसू देव वैऱ्याला न देवो.

नाना हिरूकडे वळले. आवाज मऊ केला. त्यांना खरोखर वाईट वाटत होतं. "पोरी, जे झालं ते देवाच्या मर्जीनं झालं."

हिरू ओट्याच्या पायरीशी उभी होती. तिने पदर खोचला. "देवाचं नाव नका घेऊ, नाना. देवाला चावी लागत नाय."

वखारीत गासडी दाबायच्या यंत्राचा करकर आवाज येत होता तेवढा. हिरू पायऱ्या चढून वर आली, एवढ्या सगळ्या बाप्यांच्या मधे हात घालून टेबलावरची चावी उचलली आणि माझ्यापुढे धरली. नाना अर्धवट उठले आणि पुन्हा बसले. "चल," ती मला म्हणाली, "मला घरी सोड."

मी गाडी जॅकवरून उतरवली. दत्तू हात लावायला पुढे आला, मी नको म्हटलं. हिरू पुढे बसली, मागची सीट रिकामी. खाजण आलं, ओहोटी होती, काळ्या चिखलावर ऊन पडलं होतं. वळणाच्या आधी मी वेग कमी केला आणि तिला म्हटलं, "हेच ते." तिने दाराची कड घट्ट धरली. मी पाय काढला नाही. गाडी वळली, बांध मागे गेला, समोर नवापूरची झाडं दिसायला लागली.

हिरू सीटवर मागे वळली आणि काचेतून त्या वळणाकडे बघत राहिली, ते दिसेनासं होईपर्यंत. मग म्हणाली, "येवडंच व्हतं?"

मी म्हटलं, "हो. एवढंच."